फुकटातलं डीजे सॉफ्टवेअर: लूपला पैकीच्या पैकी, स्क्रॅचला मात्र खिशात हात घालावा लागतो

इंग्रजीत शेवटी तीन ‘एक्स’ लावून लिहितात ते ‘मिक्स’ हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, मुक्तस्रोत आहे आणि त्याला एक पैसाही पडत नाही. इथे फक्त दोन गोष्टी तपासल्या आहेत: लूप, म्हणजे गाण्याचा एक तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं, आणि स्क्रॅच, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागे-पुढे घासल्यासारखा आवाज काढणं. सॅम्पलर, ब्रॉडकास्ट वगैरे बाजूला ठेवलंय.

डेकवर (एक गाणं चढवून वाजवायचा भाग) आकड्याचा एक चौकोन असतो, त्यात सुरुवातीला ४ दिसतात. शेजारचं बटण दाबलं की चार बीटचा लूप लागतो. बाणांनी तो निम्मा किंवा दुप्पट करता येतो, अगदी १/३२ बीटपर्यंत. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट अर्ध्या सेकंदाची, म्हणजे १/३२ चा लूप जेमतेम साडेपंधरा मिलिसेकंदांचा. तो सेकंदाला ६४ वेळा फिरतो. ठेका नाहीसा होतो आणि भुंग्यासारखा सूर उरतो. गाण्याचा जोश चढवताना ४, २, १, १/२ असं उतरायचं तर बहुतेक ठिकाणी १/८ ला थांबलेलं बरं. त्याच बटणावर राइट क्लिक धरून ठेवलं तर रोल मिळतो: सोडल्यावर गाणं लूप नसता तर जिथे पोचलं असतं तिथून पुढे सुरू होतं. हे झकास जमवलंय.

आता आपल्या गाण्यांचं. डीजे सॉफ्टवेअर चारच्या हिशेबाने विचार करतात. केरव्याच्या आठ मात्रांत चारचा लूप निमूट बसतो, पण दादऱ्याचं गाणं असेल तर चार बीटनंतर लूप मागे उडी मारतो आणि सम हरवते. नाचणाऱ्यांना कारण कळत नाही, पाय मात्र अडखळतात. इथे त्या चौकोनात थेट ६ किंवा ३ टाइप करा. बाणांनीच चालवायची सक्ती नाही. त्याआधी ग्रिडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने बीटसाठी आखलेल्या, रेघा मात्रांवरच पडल्यात ना ते बघा, कारण सहा मात्रांच्या गाण्यात बीपीएम बऱ्याचदा चुकीचा निघतो. गाण्यावर राइट क्लिक केल्यावर बीपीएमच्या मेनूत दुप्पट-निम्म्याबरोबर २/३, ३/४, ४/३ आणि ३/२ हेही पर्याय आहेत. चूक बहुधा ३/२ किंवा २/३ ने सुटते. मग बीपीएम लॉक करून टाका.

जुन्या रेकॉर्डिंगची अडचण वेगळी. ढोलकी-तबला हाताने वाजलेला, लय कडव्यागणिक थोडी सरकलेली. सॉफ्टवेअर मात्र लय स्थिर धरून चालतं, त्यामुळे मुखड्याला चोख बसलेला लूप तिसऱ्या कडव्यात प्रत्येक फेरीला ‘टक्’ करतो. बीट डिटेक्शनच्या सेटिंगमध्ये ‘अझ्यूम कॉन्स्टंट टेम्पो’वरची खूण काढा आणि गाणं पुन्हा अ‍ॅनालाइज करा. तरीही बसलं नाही तर क्वांटाइझ बंद करून लूप-इन, लूप-आउट (लूपची सुरुवात आणि शेवट) हातानेच मारा. क्वांटाइझ चालू असताना तुम्ही कितीही अचूक दाबा, खूण जवळच्या रेघेलाच चिकटते, मग ती रेघ चुकलेली का असेना. लूप-इनचं बटण दाबून धरलं की जॉगने, म्हणजे डीजे कंट्रोलर या यंत्रावरच्या गोल चाकाने, सुरुवात केसभर सरकवता येते.

२०२४ च्या २.४ आवृत्तीपासून लूप जपूनही ठेवता येतो. लूप चालू असताना रिकामं हॉटक्यू (गाण्यातली जागा जपून ठेवणारं) बटण दाबा, झालं. पुढच्या वेळी समेवर नेम धरायची गरज नाही.

स्क्रॅचला इतके गुण देता येत नाहीत, आणि त्यात दोष सगळा सॉफ्टवेअरचा नाही. माऊसने वेव्हफॉर्म (आवाजाच्या लहरीचं चित्र) ओढला तरी आवाज मागे-पुढे होतो, पण ते समजून घेण्यापुरतं. खरी परीक्षा हात आणि आवाज यांच्यातल्या अंतराची. साउंड हार्डवेअरच्या पानावर बफर (आवाज बाहेर पडण्याआधीचा थांबा) २३.२ मिलिसेकंद असेल तर नुसती मागे-पुढे करायची साधी बेबी स्क्रॅचसुद्धा चिखलात हात घातल्यासारखी लागते. ११.६ वर चालवून घेता येतं, ५.८ वर मजा येते. विंडोजवर आवाज बाहेर काढायच्या पर्यायांत एमएमई निवडू नका. साउंडकार्डचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तो, नाहीतर वासापी. त्याच पानावरचा बफर अंडरफ्लोचा (आवाज वेळेत न पोचल्याच्या वेळांचा) आकडा वाढू लागला आणि कडकड आवाज आला, तर एक पायरी वर चढा. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर आधी चार्जर लावा.

क्रॉसफेडर (आवाज एका डेकवरून दुसऱ्यावर नेणारी सरकती कळ) डिफॉल्टवर ठेवून ट्रान्सफॉर्मर, म्हणजे फेडर झटपट उघड-बंद करून आवाज कापणारी स्क्रॅच, जमणार नाही. मिक्सर सेटिंगमधली पट्टी ‘फास्ट कट’च्या टोकाला न्या. उलट्या हाताने फेडर चालवणाऱ्यांसाठी हॅमस्टर (फेडरची दिशा उलटी करणारा पर्याय) तिथेच आहे. स्क्रॅच करताना स्लिप मोड लावला की गाणं आतल्या आत, आवाज न करता पुढे जात राहतं. हात झाल्यावर स्लिप बंद करा, गाणं ठेक्यावर परत मिळतं. स्लिप बंद करायला विसरलात तर मात्र पुढचा घोळ तुमचा.

टाइमकोड रेकॉर्डही (संगीताऐवजी सुईची जागा आणि वेग सांगणारा सिग्नल भरलेली) चालते. सेराटोची सीव्ही०२ घ्या आणि दोन स्टिरिओ इनपुटचं साउंडकार्ड. सेटिंगमध्ये सिग्नलचं चित्र दिसतं, ते नीट गोल हवं. चपटी रेघ दिसली तर एक चॅनेल मेलाय: कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) तारा तपासा. गोल अगदीच बारीक असेल तर टर्नटेबल फोनो प्रीअ‍ॅम्पशिवाय (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणाशिवाय) लाइन इनपुटला जोडलेला असतो. लूप आणि हॉटक्यू वापरायचे तर रिलेटिव्ह मोड ठेवा; अ‍ॅब्सोल्यूटमध्ये गाण्याची जागा सुई ठरवते.

कंट्रोलरचा जॉग एक फेरी फिरवल्यावर गाणं कमी-जास्त सरकत असेल तर कंट्रोलर बिघडलेला नाही. मॅपिंगच्या (कंट्रोलर सॉफ्टवेअरला जोडणाऱ्या) जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ‘स्क्रॅच एनेबल’च्या ओळीत डेकच्या नंबरनंतर जॉगच्या एका फेरीत किती सिग्नल येतात ते लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १२८, आणि त्यापुढे ३३ १/३ आरपीएम (मिनिटाला फेऱ्या). आधी फाइलची प्रत काढून ठेवा, मग तो सिग्नलचा आकडा तुमच्या जॉगप्रमाणे बदला: गाणं जास्त पळत असेल तर वाढवा, मागे पडत असेल तर कमी करा.