गट नंबर सांगणारा फोन: सौर पंपाच्या नावाखाली आमचे 46,300 रुपये कसे गेले

सौर कृषी पंपासाठी अर्ज करून जे वाट बघत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. तुमचा अर्ज नसेल, पण गावाकडे वडील किंवा काका शेती करत असतील, तर त्यांना वाचून दाखवा.

सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागात आमची साडेतीन एकर जमीन आहे. विहीर आहे, विजेची जोडणी नाही, म्हणून आजवर सगळं डिझेल इंजिनावर. पाच एचपीचं इंजिन तासाला लिटरभर डिझेल खातं. लिटरचा भाव नव्वदीच्या पुढे गेल्यावर कांद्याला एकेक पाणी देताना हिशेब करावा लागतो. बरं, वीज असली तरी शेतीची थ्री फेज पाळीने येते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि आमच्या भागात बिबट्याच्या भीतीने रात्री बारे द्यायला कुणी धजत नाही. दिवसा, फुकटच्या उन्हावर पंप चालणार म्हटल्यावर अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज केला. यात सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याने 10 टक्के हिस्सा भरायचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य सरकारचा.

अर्ज खरा होता, सेवा केंद्रातून भरलेला, पोच हातात. तो रांगेत असतानाच फोन आला.

‘काका, महावितरणच्या सौर विभागातून बोलतोय. गट नंबर अमुक, क्षेत्र एक हेक्टर चाळीस आर, उताऱ्यावर विहिरीची नोंद आहे. बरोबर ना?’ अण्णांचं पूर्ण नावही त्याने बिनचूक घेतलं. बोलणं थेट नाशिककडचं. फसवणारा म्हणजे तुटकं हिंदी बोलणारा लांबचा कुणीतरी, हा समज डोक्यातून काढून टाका.

गट नंबर सांगितल्यावर घरात कुणाला शंका आली नाही, आणि सगळी ग्यानबाची मेख इथेच आहे. सातबारा ही काही गुप्त गोष्ट नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून नुसतं आडनाव टाकलं तरी नावांची यादी निघते. खातेदाराचं नाव, गट, क्षेत्र, पीक, विहिरीची नोंद असेल तर तीही, सगळं कुणालाही घरबसल्या दिसतं. त्या माणसाने आमच्या घरातून काहीच चोरलं नव्हतं. सरकारने सोयीसाठी उघडं ठेवलेलं त्याने आम्हाला वाचून दाखवलं.

राहिला मोबाइल नंबर. तो कुठून गेला ते नंतर उलगडलं. चुलतभावाने मोबाइलवर ‘कुसुम सोलर पंप अर्ज’ असं शोधलं होतं. जाहिरातीतून एक पान उघडलं, त्यावर पंतप्रधानांचा फोटो, खाली नाव, गाव, मोबाइल भरायची चौकट. त्याने स्वतःचं आणि अण्णांचं, दोघांचंही भरलं होतं. पीएम-कुसुम ही केंद्राची सौर पंपांची योजना 2019 मध्ये आली, आणि तेव्हापासूनच असली बनावट पानं निघत आलीत. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला त्यावर पुन्हा पुन्हा इशारे द्यावे लागलेत.

फोननंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मंजुरीपत्र’ आलं. वर तीन सिंहांची मुद्रा, बाजूला लोगो, खाली गोल शिक्का, मजकुरात 7.5 एचपीचा पंप मंजूर आणि शेतकरी हिस्सा 31,800 रुपये. अण्णा खूश, कारण अर्ज पाच एचपीचा होता.

हा मोठा पंप म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. योजनेत पंप जमिनीवर ठरतो: अडीच एकरांपर्यंत 3 एचपी, त्यापुढे पाच एकरांपर्यंत 5 एचपी, पाच एकरांच्या वर 7.5 एचपी. साडेतीन एकरवाल्याला साडेसातचा पंप बसतच नाही. पण मागितल्यापेक्षा जास्त मिळतंय म्हटल्यावर नियम कोण उघडून बघतो?

शंका आली ती फक्त आईला. ‘विहीर बघायला कुणी आलं नाही, अन् पैसे कशाचे?’ फोन स्पीकरवर होता. पलीकडून लगेच उत्तर, ‘मावशी, आता पाहणी सॅटेलाइटवरून होते.’ त्याच्या हजरजबाबीपणाची मला आजही कमाल वाटते. पुढे, आजचा कोटा संध्याकाळी पाचला बंद होतोय, नंतर पुढच्या वर्षी बघू. अण्णांनी क्यूआर कोडवर पैसे टाकले. पैसे घेणाऱ्याचं नाव कुणा खासगी माणसाचं दिसलं, तर म्हणे तो ‘अधिकृत पुरवठादाराचा लेखापाल’.

दोन दिवसांनी दुसरी मागणी, 14,500 रुपये. वाहतूक आणि विमा, पंप बसल्यावर परत मिळणार. सोबत ट्रकमध्ये रचलेल्या पॅनलचा फोटो, त्यावर अण्णांचं नाव लिहिलेला कागद. तेही दिले. आधीचे गेलेले असले की माणूस ते वाचवायला आणखी घालतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तिसऱ्यांदा जीएसटीचे 9,000 मागितले तेव्हा अण्णांनी मला सांगितलं. मी तालुक्याच्या महावितरण कार्यालयात जाऊन अर्जाचा क्रमांक दाखवला. अर्ज होता तिथेच, छाननीत. पैसे भरण्याची सूचना निघालेलीच नव्हती.

आता खरी पद्धत कशी आहे ते सांगतो, कारण ती माहीत असती तर पहिल्याच फोनला खोटेपणा उघडा पडला असता. अर्जाची छाननी झाली की हिस्सा भरण्याची सूचना येते. ती तुमच्या लाभार्थी क्रमांकावर पोर्टलमध्येही दिसते आणि पैसे तिथेच भरायचे असतात. कुणाच्या वैयक्तिक खात्यात नाही, फोनवर आलेल्या क्यूआरवर तर नाहीच. त्यानंतर पुरवठादार कंपनी यादीतून शेतकरी स्वतः निवडतो. मग संयुक्त पाहणी. त्यासाठी माणसं प्रत्यक्ष विहिरीवर येतात, सॅटेलाइट नाही. विमा आणि पाच वर्षांची दुरुस्ती योजनेतच धरलेली आहे, म्हणून ‘विम्याचे वेगळे’ हे शब्द कानावर आले की फोन ठेवायचा.

एक गोष्ट मात्र सरसकट सांगितली जाते आणि ती अर्धीच खरी आहे. ‘संकेतस्थळाच्या शेवटी जीओव्ही डॉट इन असेल तरच खरं.’ केंद्राच्या कुसुम पोर्टलला ते लागू पडतं. पण महावितरणचा स्वतःचा पत्ता महाडिस्कॉम डॉट इन असा आहे, त्यात जीओव्ही नाही. म्हणजे या एका खुणेवर विसंबलात तर खरं पान खोटं वाटेल, आणि ‘यालाही जीओव्ही नसतं’ म्हणत खोटं पान खरंही वाटेल. पत्ता कार्यालयातून किंवा वीजबिलावरून घ्यावा, शोधून सापडलेल्या जाहिरातीवरून नको.

शेजारच्या वस्तीवर याच टोळीची म्हणा किंवा दुसऱ्या कुणाची म्हणा, वेगळी तऱ्हा चालली. तिथे पंप नाही, जमीन भाड्याने. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पासाठी हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडं आहे, हे खरं आहे. त्या आकड्याच्या आधारावर ‘तुमची जमीन निवडली गेली, नोंदणी फी भरा’ असा फोन. पूर्वी मोबाइल टॉवरच्या नावाने यायचा तोच. त्या गृहस्थांची जमीन विजेच्या उपकेंद्रापासून इतकी लांब आहे की तिथे प्रकल्प कुणी घालणारच नाही.

पैसे गेल्याचं कळलं त्याच दिवशी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार नोंदवली. हा नंबर पाठ करून ठेवा. पोलीस ठाण्याला नंतर जा, आधी इथे फोन करा, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ती रोखता येते, आणि यात तासांवर सगळं अवलंबून असतं. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर ठेवून बोला. व्हॉट्सअ‍ॅपचा संवाद रागाने पुसू नका. अण्णा पुसायला निघालेच होते. आमचे पहिले 31,800 तोवर तीन खात्यांतून फिरून काढले गेले होते. दुसऱ्या हप्त्यातले 11,000 एका खात्यात अडकले आहेत. ते परत मिळायला रीतसर आदेश लागेल, असं ठाण्यात सांगितलंय. अर्ज दिलाय.

तेवढ्यात आणखी एक फोन येऊन गेला. ‘सायबर सेल’मधून. तक्रारीचा विषय, अडकलेली रक्कम, सगळं तोंडपाठ. पैसे मोकळे करायला 2,200 रुपये शुल्क. रोखलेले पैसे सोडवायला पोलीस फोनवरून शुल्क मागत नाहीत, हे ठाण्यात आधीच विचारून घेतलं होतं. तो नंबरही तक्रारीत जोडलाय.