उत्सवाच्या नाटकाला मानापमान घ्यायचं की संशयकल्लोळ?

गोव्यात देवळाच्या उत्सवात जुनं संगीत नाटक करायचं ठरलं आणि त्यातही प्रेमाचं, हसवणारं, श्रीमंतांच्या घरातलं हवं असलं की गाडी बहुतेक याच दोन नावांवर येऊन अडते. दोन्हीतली पदं अर्ध्या प्रेक्षकांना पाठ असतात, त्यामुळे कुठलंही घ्या, चालेल असं वाटतं. पण तालमीला उभे राहिलात की कळतं ही दोन नाटकं मंडळीकडून एकदम वेगळं काहीतरी मागतात. माझं मत आधीच सांगतो, नायक आणि नायिका दोघंही पक्के गाणारे असतील तरच मानापमान, नाहीतर सरळ संशयकल्लोळ.

मानापमान खाडिलकरांचं, १९११ चं, आणि त्यात पैसा हाच कथेचा कणा आहे. भामिनी श्रीमंताची लेक, बापाने ठरवलेला धैर्यधर शूर आहे पण गरीब म्हणून ती त्याला नाकारते, मग स्वतःच वनमाला बनून गरिबीच्या वेशात त्याच्यासमोर जाते आणि प्रेमात पडते, आणि दुसरीकडे तो लक्ष्मीधर, अंगभर दागिने आणि छातीत धीर नाही. आजही लग्न जमवताना बंगला, गाडी, परदेशातली नोकरी आधी विचारतात, त्यामुळे हा विषय समोर बसलेल्याला लगेच भिडतो, समजावून सांगावा लागत नाही. पण श्रीमंती रंगमंचावर दिसली पाहिजे ना! भामिनीचा शालू आणि दागिने भाड्याच्या चमकीचे वाटले की तिचा तोरा खोटा वाटतो, आणि तोरा खोटा तर पुढचं सगळंच पडलं. कपडेपटाचं बजेट इथे हात आखडून चालत नाही.

संशयकल्लोळ देवलांचं. आधी १८९३ च्या सुमारास 'फाल्गुनराव' नावाचं गद्य नाटक आलं, त्याचं संगीत रूप १९१६ मध्ये, देवल गेल्यानंतर, गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलं. मूळ धागा फ्रेंच नाटककार मोलिएरचा, इंग्रजीतून आलेला, पण वाचताना तसं कुठेही जाणवत नाही. इथे श्रीमंती फक्त घराला आहे, भांडण संशयाचं. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका बघते, रेवतीकडची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते ती कृत्तिकेच्या हाती लागते आणि तिथून एकाचा संशय दुसऱ्याच्या डोक्यात असा जो फिरायला लागतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. एक तसबीर, दोन घरं, एक रस्ता, एवढ्यात भागतं. पगडी, उपरणं, नऊवारी, बास.

भाषेचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आणि तोच लोक विसरतात. घरी कोंकणी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी देवलांचे संवाद चटकन बसतात, छोटे आहेत, बोलायचेच आहेत. खाडिलकरांची वाक्यं लांब आणि संस्कृत शब्दांनी जड, कोंकणीचा हेल आला की ती घसरतात, म्हणून वाचनाच्या तालमी जास्त ठेवाव्या लागतील. पण देवलांचं सोपं म्हणून तालीम कमी केली तर फसाल, फाल्गुनराव आणि त्याचा नोकर भादव्या यांचं टायमिंग अर्धा सेकंद चुकलं तरी हशा जातो. गाणारे नसले तरी चालेल, हे दोघं मात्र अस्सल नट हवेतच.

आता गाणं. मानापमानच्या मूळ चाली गोविंदराव टेंबेंच्या, भामिनी बालगंधर्वांची, आणि आपल्या मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर बळवंत संगीत मंडळी या नाटक कंपनीत धैर्यधर करायचे तेव्हा काही पदं त्यांनी स्वतःच्या चालीत गायली. त्यामुळे गोव्यातल्या प्रेक्षकाच्या कानात 'चंद्रिका ही जणू' आणि 'रवि मी' म्हटलं की दीनानाथांची तडफ असते, आणि समोरचा गायक तेवढा दमदार नसला की लोक मनातल्या मनात तुलना करतातच. १९२१ साली बालगंधर्व आणि गायक नट केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी हेच नाटक संयुक्त केलं, म्हणजे हे नाटक दोन तोडीस तोड गळ्यांचंच आहे. संशयकल्लोळची पदं, 'मृगनयना', 'कर हा करी', 'हृदयी धरा', कमी गोड नाहीत, पण ओझं अश्विनशेठ आणि रेवतीवर आहे, फाल्गुनरावाचा संसार बोलण्यावर चालतो. एक गळा थोडा कमी पडला तरी नाटक उभं राहतं. ऑर्गन आणि तबला मात्र दोन्हीला चांगलाच हवा, आयत्या ट्रॅकवर पद म्हणू नका, गायकाला आलाप वाढवायचा असतो आणि वन्स मोअर आला तर ट्रॅक काय करणार?

एक नाजूक गोष्ट. रेवती नायकिणीची मुलगी आहे. गोव्यात देवळांशी जोडलेल्या कलावंत घराण्यांचा इतिहास आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याच घराण्यांनी आपल्याला गाणं दिलंय, त्यामुळे रेवतीच्या आईचे, मघाबाईचे प्रसंग चेष्टेवारी नेऊ नका. रेवतीचं प्रेम खरं आहे, ते मानाने रंगवा.

काटछाट दोन्हीला लागेल, पूर्वी रात्रभर चालायचं, आता लोक तीन तासांवर बसत नाहीत. देवल १९१६ ला गेले, खाडिलकर १९४८ ला, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं दोघांचीही उलटली, मूळ संहितेला कुणाची परवानगी लागत नाही. मात्र दुसऱ्या कुणी अलीकडे केलेली संक्षिप्त संहिता उचलाल तर त्यांना विचारा. मानापमानमध्ये पदं कापू नका, संवाद कापा. संशयकल्लोळमध्ये उलट करा, पदं निवडून घ्या आणि फाल्गुनराव-कृत्तिकेच्या भांडणातलं एक वाक्यसुद्धा हलवू नका.