थेट प्रक्षेपणासाठी छोटा संगणक: मॅक मिनी की विंडोज मिनी पीसी?

नाशिकमध्ये सभागृहातली मैफल किंवा गोदाघाटावरचे व्याख्यान थेट दाखवायचे, तर दोन कॅमेरे, मिक्सरमधून आलेला आवाज आणि एक छोटा संगणक एवढ्यावर भागते. रास्पबेरी पाय ५ या एकाच सर्किट बोर्डावरच्या छोट्या संगणकाचा विचार या कामापुरता बाजूला ठेवलेला बरा. आधीच्या पाय ४ मधला हार्डवेअर एन्कोडर, म्हणजे चित्र एच.२६४ या नेहमीच्या पद्धतीने दाबून लहान करणारा वेगळा भाग, त्यात नसल्याने सगळा भार प्रोसेसरवर येतो.

उरतात ॲपलच्या एम४ चिपचा मॅक मिनी आणि इंटेलचा विंडोज मिनी पीसी. एन्कोडिंगच्या बाबतीत दोघांत डावेउजवे करावे असे मला काही आढळले नाही. विंडोजच्या बाजूने सांगायचे, तर बहुतेक मिनी पीसींची एसएसडी स्वतः बदलता येते आणि व्हीमिक्स हे थेट प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालते, ही गोष्ट लहान नाही.

माझा कौल ठरवला तो यूएसबीने. १०८०पी, ६० फ्रेमचे असंपीडित चित्र सेकंदाला सुमारे २ गिगाबिट जागा घेते आणि ५ गिगाबिट म्हणवणाऱ्या यूएसबीची प्रत्यक्ष क्षमता ४ च्या आतच असते; त्यामुळे दोन कॅप्चर कार्डे (कॅमेऱ्याचे चित्र संगणकात घेणारी उपकरणे) एकाच कंट्रोलरवर, म्हणजे पोर्ट सांभाळणाऱ्या चिपवर, आली की तेथे जागाच उरत नाही. माझ्या मिनी पीसीला बाहेरून चार पोर्ट होते, पण आत सगळे एकाच कंट्रोलरला जोडलेले. दुसरा कॅमेरा लावला की कधी चित्र अडकत असे, तर कधी मिक्सरचा आवाज आत घेणाऱ्या साउंड कार्डाच्या आवाजात बारीक टिकटिक येत असे. भाषणात ती खपून जाते. आलापाआधी नुसता तानपुरा वाजत असताना मात्र प्रत्येक टिकटिक कानात खुपते. एमजेपीईजी, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून पाठवण्याचा पर्याय, निवडल्यावर भार उतरला, परंतु रंगमंचाच्या लाल प्रकाशात चेहऱ्यांच्या कडा विस्कटू लागल्या.

मॅक मिनीच्या मागच्या तिन्ही थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्याच आकाराच्या, पण अधिक वेगवान) पोर्टना स्वतंत्र मार्ग आहेत. त्यांपैकी दोहोंवर एकेक कॅप्चर कार्ड आणि पुढच्या पोर्टवर साउंड कार्ड अशी मांडणी केल्यापासून ती टिकटिक मला ऐकू आलेली नाही. हे उपकरणाने मोजलेले नाही, हेडफोन लावून ऐकलेले आहे. जुन्या चौकोनी यूएसबीचा (यूएसबी-ए) एकही पोर्ट नसल्याने ॲडॉप्टर बाळगावे लागतात, जादा स्टोरेजची किंमत जड वाटते आणि चालू करण्याचे बटण तळाशी का दिले, हे देणाऱ्यालाच ठाऊक. तरीही मैफलीसाठी मी तोच उचलतो.

ज्यांचे काम व्हीमिक्सवाचून अडते, त्यांनी थंडरबोल्ट असलेला मिनी पीसी पाहावा आणि शक्य असल्यास महात्मा गांधी रोडवरच्या दुकानातच दोन्ही कॅप्चर कार्डे व साउंड कार्ड एकदम जोडून, हेडफोन लावून थोडा वेळ ऐकावे.