भूजलाचे पहिले धडे: ऑनलाइन अभ्यासक्रम की विहिरीच्या काठावरचे प्रशिक्षण?

पाणलोटाच्या कामात नव्याने आलेला कार्यकर्ता असो वा स्थापत्य अभियांत्रिकीचा पदवीधर, भूजलशास्त्राची ओळख करून घेण्यासाठी त्याच्यासमोर प्रामुख्याने दोन पर्याय असतात. एक, एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणमंचावरील आयआयटीच्या अध्यापकांचे अभ्यासक्रम. दुसरा, भूजलावर काम करणाऱ्या, पुण्यातील अ‍ॅक्वाडॅमसारख्या संस्थांचे क्षेत्रभेटींसह होणारे प्रशिक्षण. रायपूर येथे केंद्रीय भूजल मंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. शासकीय सेवेत असलेल्यांनी तिची चौकशी आधी करावी.

एनपीटीईएलची व्याख्याने विनामूल्य पाहता येतात, शुल्क पडते ते केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. फ्रेंच अभियंता डार्सीने १८५६ मध्ये मांडलेल्या, सच्छिद्र थरांतून पाणी कसे वाहते ते सांगणाऱ्या नियमापासून उपसा चाचणीच्या (विहिरीतून पाणी उपसून पातळी मोजण्याच्या) समीकरणांपर्यंतचा गणिती पाया येथे शिस्तीने घातला जातो, आणि ज्यांना पुढे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे आहे किंवा स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत त्यांना हा पाया टाळून चालणार नाही. नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करणाऱ्यालाही हाच मार्ग परवडतो.

अडचण खडकाची आहे. पाठ्यपुस्तकातला जलधर, म्हणजे पाणी साठवून ते विहिरींना देणारा थर, बहुधा वाळूचा, एकजिनसी आणि दूरवर पसरलेला असतो; महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भूभाग मात्र बेसाल्टचा आहे. येथे काळ्या पाषाणात पाणी केवळ भेगांतून वाहते, त्याच्या वरखाली असलेला मांजऱ्या (सच्छिद्र बेसाल्ट) झिजलेला असेल तर त्यात बऱ्यापैकी साठते, आणि दोन शेजारच्या विहिरींपैकी एक मे महिन्यातही चालते तर दुसरी माघातच तळ गाठते. उपसा चाचणीचेही तसेच आहे. थाइस या भूजलशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये दिलेल्या सूत्रात विहिरीच्या पोटातले पाणी हिशेबात धरलेलेच नाही. बोअरवेलमध्ये त्याने फारसे बिघडत नाही. परंतु सहा मीटर व्यासाच्या विहिरीची पातळी एक मीटर खाली गेली की सुमारे २८ हजार लिटर पाणी निव्वळ विहिरीतल्या साठ्याचे असते, आणि ते खडकाने दिले असे समजणारा नवशिका विहिरीची क्षमता भलतीच फुगवून सांगतो. मोठ्या व्यासाच्या विहिरींसाठी वेगळी रीत आहे, पण तिची गरज का पडते हे पंप बंद झाल्यावर टेप सोडून पातळी किती सावकाश चढते ते मोजत बसल्याशिवाय मनात ठसत नाही.

क्षेत्र प्रशिक्षणाचे बळ नेमके येथे आहे. ओढ्याकाठचे उघडे थर ओळखणे, गावाच्या नकाशावर विहिरी मांडून पाण्याच्या पातळीच्या समोच्च रेषा (समान पातळीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) काढणे, पुनर्भरणाचे क्षेत्र कोणते ते ठरवणे, ही कामे हाताने करावी लागतात. शिवाय शेतकरी विहिरीची खोली परसात, म्हणजे माणसाच्या उंचीवरून ठरलेल्या मापात, सांगतो, मीटरमध्ये नाही, हेही तेथेच कळते. मात्र त्यासाठी सलग दिवस मोकळे काढावे लागतात, प्रवास आणि निवासाचा खर्च येतो, आणि गणित मर्यादित राहते.

ज्याला प्रत्यक्ष गावात काम करायचे आहे त्याने माझ्या मते आधी क्षेत्र प्रशिक्षण घ्यावे आणि समीकरणे नंतर शिकावीत. संशोधनाकडे वळणाऱ्याने क्रम उलटा ठेवला तरी हरकत नाही. प्रशिक्षणाच्या तारखांत निवड करता येत असेल तर उन्हाळ्यातली तुकडी घ्यावी, कारण तेव्हा विहिरी उपसलेल्या असतात आणि काठावर उभे राहून मुरुमापासून तळच्या पाषाणापर्यंतचे थर, मधल्या गेरूच्या तांबड्या पट्ट्यासह, एका नजरेत दिसतात.