'स्मृतिचित्रे' : समई बंद होती तेव्हा वाचलेलं पुस्तक

मागच्या श्रावणात ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अठरा दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर काढले. घरी आलो, पण देवघरातली समई मी लावली नाही. रागच होता तो. आलं-गेलेलं माणूस एखादी पोथी ठेवून जायचं, दोन पानांत मी ती मिटायची. धाकट्या जावेने लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र आणून दिलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, यात उपदेश नाही."

खरंच नाही. सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं येतं. बाजारातून आणलेलं मीठसुद्धा त्या घरात धुऊन घ्यायचे! किती दिवसांनी हसले मी. मग १८९५ साल येतं. लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती होतात आणि त्या मुलाला घेऊन मागे राहतात. त्या दिवसांतला आकांत त्यांनी जराही सावरून लिहिलेला नाही. नवऱ्यावरचा संताप आहे, त्याच पानावर त्याच्यासाठी तुटणारा जीवही आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. तोवर त्यांची प्रत्येक शंका, प्रत्येक अडखळणं आपण पाहिलेलं असतं, म्हणून त्यांच्या श्रद्धेवर माझा विश्वास बसला. मी वारकरी घरातली. माझा विठोबा सोडायला हे पुस्तक सांगत नाही. त्याच्याशी भांडायची मुभा मात्र त्यातून मिळाली.

पुस्तक निम्मं झाल्यावर नातवाची अर्धी कोरी वही घेतली. पहिल्या दिवशी लिहिलं, ह्यांनी डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला. आठवड्याभराने लिहिलं ते कोणाला बोलले नव्हते : अकराव्या रात्री मला वाटलं होतं, सुटावेत एकदाचे. त्यानंतर दोन दिवस वही उघडली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंच घेऊन समई घासायला बसले.

विकत घेणार असाल तर संक्षिप्त आवृत्ती नको, संपूर्णच घ्या. रोजच्या संसारातल्या बारीकसारीक गोष्टी गाळल्या तर उरतं काय? माझ्या प्रतीचा टाइप बारीक आहे आणि मधली पानं शिवणीतून सुटली आहेत. चष्म्याशिवाय जमत नाही. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या हातून अपुरा राहिला. १९३६ मध्ये त्या गेल्या आणि मुलाने, देवदत्त टिळकांनी, तो पुरा केला. तिथे बाईंचा आवाज थांबलेला कळतो, मला चुकल्यासारखं झालं.

आता रोज दिवेलागणीनंतर ह्यांना चार पानं वाचून दाखवते. मिठाची गोष्ट आली की वाकड्या ओठांनी हसतात आणि बोटाने खूण करतात, पुन्हा वाच.