कोलंबिया: सोनं संपलं तरी बघण्यासारखं गाव

कॅलिफोर्नियातल्या टुऑलमी काउंटीतलं कोलंबिया बघायचं तर सकाळी लवकर जा. उन्हाळ्यात दुपारी जीव नकोसा होतो. १८५० मध्ये इथे सोनं सापडलं आणि बघता बघता गाव उभं राहिलं. १८५४ आणि १८५७ च्या आगींनी त्याची राख केली, म्हणून मग विटांच्या भिंती आणि लोखंडी दारं-झडपा आल्या. त्या झडपा जरूर निरखून बघा. वेल्स फार्गो या बँक आणि मालवाहतूक कंपनीच्या १८५८ च्या इमारतीत सोनं तोलायचा तराजू आहे, आमच्या सौ. तिथून हलेचनात! सगळ्यात भारी मात्र चुनखडीचे उघडे खडक. खाणवाल्यांनी सोन्यासाठी पाण्याने माती धुऊन नेली, मागे जमिनीची नुसती हाडं उरली. बहुतेक लोक तिकडे न बघता आइस्क्रीमकडे वळतात.

१९४५ पासून हे राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. आत फिरायला तिकीट नाही. परातीत वाळू घोळवून सोनं शोधायचे पैसे वेगळे. मुलं असतील तरच द्या. घोडागाडीचंही तेच. टेकडीवरची १८६० ची दुमजली शाळा मात्र चुकवू नका, चढ फारसा नाही.