प्रगत इंग्रजी शब्दांसाठी अँकी: ॲप उत्तम, तयार डेक टाळा

उजळणीच्या ॲपांमध्ये अँकी जुनं, २००६ पासूनचं. कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर ‘अँकीड्रॉइड’ नावाने फुकट; आयफोनवर मात्र एकदाच पैसे भरावे लागतात. मिळत्याजुळत्या नावांची ॲप्स इतरांची आहेत, तेव्हा घेताना नाव नीट पाहा.

शब्द विसरायच्या बेतात असताना तो पुन्हा समोर आणायचा, हे काम अँकी चोख करतं. डेकच्या, म्हणजे कार्डांच्या गठ्ठ्याच्या, सेटिंगमध्ये ‘एफएसआरएस’ (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारी पद्धत) सुरू करा आणि ‘डिझायर्ड रिटेन्शन’, म्हणजे उजळणीच्या वेळी किती टक्के कार्डं आठवावीत तो आकडा, ९० टक्क्यांवरच राहू द्या. ९५ केलंत की उजळणी भरमसाट वाढते.

बहुतेकांचं गाडं अडतं ते नव्या कार्डांच्या आकड्यावर. मूळ सेटिंग रोज २० कार्डांचं असतं. पहिला आठवडा मजेत जातो, पण काही आठवड्यांत रोजची उजळणी २०० च्या घरात पोचते आणि दोन दिवस खाडा झाला की तो ढीग बघूनच लोक ॲप सोडून देतात. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून करणार असाल तर ८ पुरेत.

तयार डेकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. पुढे शब्द, मागे अर्थ, एवढ्यावर शब्द ओळखता येतो, वापरता येत नाही. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणे, हे पाठ असलेला माणूसही ‘मिटिगेट अगेन्स्ट’ लिहून मोकळा होतो. ‘अगेन्स्ट’ लागतं ते ‘मिलिटेट’ला.

त्यापेक्षा ‘क्लोझ’ प्रकारचं कार्ड स्वतः बनवा. वाचनात आलेलं आख्खं वाक्य घ्यायचं, शब्दाची जागा रिकामी ठेवायची आणि हिंट म्हणून पहिलं अक्षर द्यायचं: ‘ट्रीज कॅन एम... द इफेक्ट्स ऑफ हीट’. ते अक्षर गाळू नका, नाहीतर तिथे ‘रिड्यूस’ही चपखल बसतं आणि बरोबर उत्तर चुकीचं ठरतं. अर्थ आणि सोबत येणारे शब्द कार्डाच्या ‘बॅक एक्स्ट्रा’ या रकान्यात टाका, तो उत्तरासोबत दिसतो.

उत्तर पाहिल्यावर बटणं येतात; शब्द आठवला नसेल तर ‘अगेन’च दाबा. ‘हार्ड’ म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवला. विसरूनही ‘हार्ड’ दाबत राहिलात तर एफएसआरएसचा हिशोब बिघडतो आणि कार्ड फार उशिरा परत येतं. शिकून झालेलं कार्ड ८ वेळा चुकलं की त्याला ‘लीच’ टॅग लागतो. असं कार्ड घोकत बसू नका. ते काढून टाका आणि तोच शब्द दुसऱ्या, छोट्या वाक्यात बसवून नवं बनवा.